घरच्या घरी कारखाना

चॉकलेट मंद आचेवर वितळायला ठेवायचं आणि त्यात मेण किसून घालायचं.

मेणच. पॅराफिन. मेणबत्तीतलं, फक्त खाण्यापुरतं शुद्ध केलेलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ख्रिसमसच्या सुमाराला घरोघर 'बकाय' नावाची मिठाई वळतात, तिच्या जुन्या कृतींमध्ये ही पायरी सर्रास सापडते. चर्चच्या महिला मंडळांनी छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकांत, आजीच्या अक्षरातल्या पिवळ्या पडलेल्या कार्डांवर, आणि त्या कार्डांचे फोटो काढून नातवंडांनी टाकलेल्या रील्समध्येही. मेण पचत नाही. अपायही करत नाही. जसं आत जातं तसं बाहेर येतं. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्या डब्यावर रिबन बांधून 'माझ्या हातचं आहे हं' म्हणत आपण तो शेजाऱ्याला देतो, त्यात मेण लागतंच कशाला?

आधी पदार्थ समजून घेऊ. बकाय हे एक झाड. ओहायोने १९५३ साली त्याला राज्यवृक्ष केलं. फळ फोडलं की आत गुळगुळीत, गडद तपकिरी बी असते आणि तिच्यावर एक फिकट गोल ठिपका, हरणाच्या डोळ्यासारखा. म्हणून 'बक-आय', हरणाचा डोळा. ही बी विषारी असते. (विषारी बीची हुबेहूब नक्कल करून ती नाताळात मुलांना खाऊ म्हणून द्यायची, यातली गंमत ओहायोवाल्यांच्या लक्षात येते की नाही, कोण जाणे.) ओहायोच्या माणसालाच तिथे बकाय म्हणतात आणि ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल संघही बकायच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मिशिगनशी सामना असतो. तेव्हापासून जे बकाय वळायला घेतात ते नाताळापर्यंत. पीनट बटर, लोणी, पिठीसाखर आणि थोडा व्हॅनिला एकत्र मळायचं, गोळ्या करून थंड करायच्या, टूथपिकला टोचून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या, वरचा थोडा भाग उघडा ठेवायचा. तो हरणाचा डोळा. टूथपिकचं भोक बोटाने बुजवायचं. झालं.

दिसायला देखणी, करायला सोपी. लहान मुलंसुद्धा करतात. कोलंबस-क्लीव्हलंडकडच्या मराठी घरांतही होते आणि तिचा फोटो कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की खाली कुणीतरी लिहितंच, 'अगं, हा तर आपला शेंगदाण्याचा लाडू!' या वाक्याकडे मी नंतर येणार आहे, कारण माझं भांडण त्याच्याशीही आहे.

पहिलं भांडण मात्र 'होममेड' या शब्दाशी. बकायची रूढ कृती घेऊन बसा आणि एकेका घटकाला विचारा, बाबा रे, तू इथे का आहेस? प्रत्येकाचं उत्तर एकच येतं: कारखान्याला एक अडचण होती, म्हणून मी आलो. ती अडचण घराला कधीच नव्हती. तरी तो घरात येऊन बसला आहे, आणि आपण त्यालाच घरची चव म्हणतो.

पीनट बटरपासून सुरुवात करू. भाजलेले दाणे मिक्सरमध्ये गरजेपेक्षा जास्त फिरवले की तेल सुटतं आणि लगदा होतो. आपल्याकडे याला 'कूट बिघडलं' म्हणतात, अमेरिकेत पीनट बटर. या लगद्याचं तेल काही दिवसांत वर येतं, ते खवट होतं, आणि दुकानदाराला बरणी ढवळत बसावं लागतं. १९२०च्या दशकात जोसेफ रोझफील्ड नावाच्या उद्योजकाने यावर तोड काढली: तेलाच्या काही भागाचं हायड्रोजनेशन करायचं. तेल घट्ट होतं, वर येत नाही, बरणी महिनोनमहिने फळीवर टिकते. कारखान्यासाठी हा फार मोठा शोध होता. शेकडो मैल माल पाठवायचा, दुकानात ठेवायचा, तर हे हवंच. पण बकायचा डबा आठ दिवसांत संपतो. त्याला महिनोनमहिने टिकायचंय कुठे?

तरीही बहुतेक कृतींमध्ये बजावलेलं असतं की बरणी तीच मऊ, कारखान्याची घ्या. फक्त दाणे वाटून केलेलं 'नॅचरल' पीनट बटर घेऊ नका, त्याचं तेल सुटतं, गोळ्या बसतात. ठीक. म्हणून मऊ बरणी घेतली. त्यात पुन्हा लोणी घातलं. आता ते इतकं मऊ झालं की वळता येईना. मग ते घट्ट करायला पिठीसाखर. किती? सर्वाधिक फिरणारी कृती म्हणते: दीड कप पीनट बटर, एक कप लोणी, सहा कप पिठीसाखर. वजन करून बघा. पीनट बटर पावणेचारशे-चारशे ग्रॅम, लोणी सव्वादोनशे, साखर सातशेच्या आसपास. म्हणजे साखर पीनट बटरच्या जवळजवळ दुप्पट. शेंगदाण्याची म्हणून जी गोळी आपण तोंडात टाकतो तिच्या सारणात शेंगदाणा जेमतेम चौथा हिस्सा. बाकीच्या तीन हिश्शांत निम्म्याहून खूपच जास्त साखर, आणि ती गोडीसाठी नव्हे. बांधकामात जशी वाळू घालतात तशी, भर म्हणून.

मग चॉकलेट. इथे तर कमाल आहे. घरात चॉकलेट म्हणजे चिप्सची पिशवी. चिप्स कशासाठी बनल्या? १९३०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये रूथ वेकफील्ड या बाईंनी आपल्या टोल हाउस खानावळीत चॉकलेटचे तुकडे घालून कुकी केली. ती इतकी गाजली की कंपन्यांनी तयार तुकडेच विकायला काढले. ओव्हनमध्ये भाजल्यावरही तुकडा तुकडाच राहावा, पसरू नये, म्हणून चिप्समध्ये कोको बटर कमी ठेवतात. म्हणजे न वाहणं हाच चिपचा गुण. आणि बकायला काय हवं? पातळ, वाहतं, गोळीवर सरसर पसरणारं चॉकलेट. जी वस्तू वाहू नये म्हणून घडवली तिला वाहतं करायचं, म्हणून त्यात चमचाभर शॉर्टनिंग, म्हणजे वनस्पती तूप. वनस्पती घातल्यावर चॉकलेट नीट घट्ट बसत नाही, बोटाला लागतं. मग ते कडक आणि चकचकीत करायला मेण. तेव्हाच्या अमेरिकी स्वयंपाकघरात मेण असायचंच, कारण जॅमच्या बरण्यांची तोंडं त्याने बंद करत.

असा हा सगळा प्रवास. मेण आलं वनस्पतीमुळे, वनस्पती आलं चिप्समुळे, चिप्स आल्या कारण त्या दुकानात समोर होत्या. साखर आली लोण्यामुळे, लोणी आलं उगाच. घरातल्या बाईने यात काय केलं? मळलं, वळलं, बुडवलं. असेंब्ली लाइनवरचा कामगार जे करतो ते, फक्त पगाराशिवाय.

'असेंब्ली लाइन' हा शब्द काहींना झोंबेल, झोंबू दे. कारण या मिठाईचं कारखान्यातलं रूप कधीपासूनच आहे. हर्शीच्या गोठ्यावर एकेकाळी कामाला असलेल्या एच. बी. रीस यांनी १९२८ साली चॉकलेटच्या वाटीत पीनट बटर भरून विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा त्यांनी बाकीच्या मिठाया बंद केल्या आणि हीच ठेवली. आज ती अमेरिकेतल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळते. नोकरीवरून येऊन, पोरांना झोपवून, रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभं राहून शंभर गोळ्या बुडवणाऱ्या बाईला मी हे आवर्जून सांगेन: तुला जर हेच पीनट बटर, हीच साखर, हेच चॉकलेट द्यायचं असेल तर पाकीट विकत आण आणि झोप. कुणाचं काही बिघडणार नाही. डिसेंबरातल्या 'हातचं' देण्याच्या सक्तीने बायकांच्या किती रात्री खाल्ल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. घरी करायचं तर कारखान्याला जे परवडत नाही ते करायला हवं. नाहीतर घरी कशाला?

आता एक गोष्ट सांगतो. तिच्यामुळे हे प्रकरण मला नुसतं हास्यास्पद वाटत नाही, वाईटही वाटतं.

१९५९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवायला घेतलं की पीनट बटर म्हणवून घ्यायचं तर बरणीत दाणे किती असले पाहिजेत. कंपन्या हळूहळू दाणे कमी आणि स्वस्त हायड्रोजनेटेड तेल जास्त करू लागल्या होत्या. प्रशासन म्हणालं ९५ टक्के. कंपन्या म्हणाल्या ८७ पुरे. हा वाद बारा वर्षं चालला. सुनावणीच्या नोंदींचीच साडेसात हजारांवर पानं झाली. मोठमोठे वकील, तज्ज्ञ, साक्षीदार. आणि त्या गर्दीत रोज येऊन बसणारी एक गृहिणी, रूथ डेझमंड. तिने 'फेडरेशन ऑफ होममेकर्स' नावाची गृहिणींची संघटना काढली होती. शेंगदाण्याच्या बरणीत शेंगदाणा असावा, एवढंच तिचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी तिला 'पीनट बटर लेडी' करून टाकलं. थोडी थट्टा, थोडं कौतुक. शेवटी ९० टक्क्यांवर शिक्कामोर्तब झालं, आणि तो नियम आजही लागू आहे.

बघा हं. एक घर चालवणारी बाई, बरणीत ८७ ऐवजी ९० टक्के दाणे असावेत म्हणून वर्षानुवर्षं कंपन्यांच्या वकिलांसमोर बसली. तीन टक्क्यांसाठी. आणि त्याच देशात, जिथे ना वकील आहे ना कंपनी, अशा आपल्याच ओट्यावर, तीच बरणी उघडून आपण दाणा पंचवीस टक्क्यांवर आणून ठेवतो. आणि कुणी सांगितलं म्हणून? पाकिटामागच्या कृतीने.

ही पाकिटामागची कृती कुठून आली, तेही बघण्यासारखं आहे. ओहायोतल्याच सिनसिनाटी शहरात प्रॉक्टर अँड गँबल ही साबण करणारी कंपनी. तिने १९११ साली सरकीच्या तेलाचं हायड्रोजनेशन करून 'क्रिस्को' बाजारात आणलं. लोकांना चरबी आणि लोणी माहीत होतं, हे पांढरं काय? मग कंपनीने पाककृतींची पुस्तकं छापून वाटली. पुस्तकातल्या प्रत्येक कृतीत क्रिस्को. एक पिढी त्या पुस्तकांवर स्वयंपाक शिकली, आणि तिच्या मुलींसाठी तीच आईच्या हातची चव झाली. १९५८ साली याच कंपनीने 'जिफ' पीनट बटर काढलं. २००२ साली क्रिस्को आणि जिफ, दोन्ही, ओहायोतल्याच ऑरव्हिलच्या स्मकर कंपनीने घेतली. बकायला ओहायोची मिठाई म्हणतात ते झाडामुळे. मला विचाराल तर ती ओहायोची आहे ते या कंपन्यांमुळे.

आणि आपण हसायचं कारण नाही. १९३७ साली आपल्याकडे डालडा आला तो याच हायड्रोजनेशनचा भाऊ. दिवाळीच्या शंकरपाळ्यांना 'डालड्याचं मोहन घातल्याशिवाय खुसखुशीत होत नाहीत' हे वाक्य किती घरांत आजीचं म्हणून सांगितलं जातं! ते आजीचं नाही, डब्याचं आहे. अर्धवट हायड्रोजनेट केलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटने हृदयाचं काय होतं हे कळायला जगाला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. अमेरिकेने २०१८ पासून ती तेलं खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली, आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून मर्यादा २ टक्क्यांवर आली. आज बरणीत पूर्ण हायड्रोजनेट केलेलं तेल किंवा पाम तेल असतं, ते तितकं वाईट नाही. पण कृती मात्र होती तीच. कायदा बदलला, कारखाना बदलला, घर बदललं नाही.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिलं म्हणजे, 'अरे, वर्षातून एकदा खातो, साखर काय मोजतोस?' मी आहारतज्ज्ञ नाही आणि सणाला साखर मोजणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. खा की. पण गोड खाणं वेगळं आणि दाण्याच्या नावावर साखर खाणं वेगळं. पुरणात डाळ चौथा हिस्सा आणि साखर निम्म्याहून जास्त घातली तर ती पुरणपोळी तुम्ही वर्षातून एकदा तरी खाल का?

दुसरं, 'आमच्या आजीची चव हीच.' याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते द्यायचंही नाही. आजीच्या आठवणीसाठी मेण खायचं असेल तर खुशाल खा. फक्त ते दुसऱ्याच्या मुलाला 'नैसर्गिक, घरचं' म्हणून देऊ नका.

तिसरं जरा वजनदार आहे: 'खरं चॉकलेट घरी जमत नाही.' जमतं. कोको बटर सहा प्रकारे गोठतं. त्यातल्या पाचव्या प्रकाराचे स्फटिक तेवढे चकचकीत, कडक आणि तोंडात विरघळणारे. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतात. कारखान्यात यासाठी यंत्रं असतात. घरी असं करा: चांगलं डार्क चॉकलेट बारीक चिरा, दोन तृतीयांश ४५ अंशांपर्यंत वितळवा, आचेवरून काढा, उरलेलं एक तृतीयांश त्यात घालून ढवळत राहा, ३१-३२ अंशांवर आलं की बुडवायला घ्या. एक साधा थर्मामीटर लागतो. पाण्याचा थेंब मात्र पडू देऊ नका, चॉकलेट आळून गोळा होतं. चुकलंच तर काय होईल? वर पांढुरके डाग येतील. ते बुरशीचे नसतात, कोको बटरच वर आलेलं असतं, खायला काही हरकत नाही. दुकानात तसं चॉकलेट कुणी घेणार नाही, म्हणून कारखान्याला डाग परवडत नाहीत. शेजारच्या काकूंना परवडतात. सारणाचं म्हणाल तर दाणे घरी खमंग भाजा, सालं काढा, लगदा होण्याच्या जरा आधी मिक्सर थांबवा, लोणी अजिबात नको, साखर दाण्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी, चिमूटभर जास्त मीठ. गोळ्या थोड्या ओबडधोबड होतील. थंड करून बुडवा. ओहायोत डिसेंबरात खिडकीबाहेरच फ्रिज असतो.

महाग पडतं, हे चौथं. हो, पडतं. आणि ते पडायलाच हवं, कारण स्वस्त चॉकलेट कशाने स्वस्त होतं ते आता कुणापासून लपलेलं नाही.

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २००१ साली मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी अमेरिकी काँग्रेसमधल्या हार्किन आणि एंगल यांच्यासमोर लेखी कबूल केलं की कोकोच्या मळ्यांतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५ पर्यंत थांबवू. २००५ गेलं. मुदत वाढली, पुन्हा वाढली. अमेरिकी सरकारच्या पैशाने शिकागो विद्यापीठाच्या संस्थेने केलेला अभ्यास २०२० साली आला. त्यात या दोन देशांतल्या कोकोच्या पट्ट्यात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या कामात असल्याचा अंदाज आहे. कोयते, ओझी, फवारणी. माली देशातल्या सहा जणांनी, लहानपणी आम्हाला पळवून मळ्यांवर राबवलं म्हणून, अमेरिकेत कंपन्यांवर खटला भरला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो इथे चालू शकत नाही म्हणून काढून टाकला. जे घडलं ते अमेरिकेत घडलेलं नाही, असा त्याचा सारांश.

पुढे पाऊस, रोग आणि म्हातारी झाडं यांनी पीक बसवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या आसपास होता. नंतर उतरलाही. पण त्या काळात कारखान्याने काय केलं? वड्या लहान केल्या, चॉकलेट कमी केलं, काही ठिकाणी कोको बटरच्या जागी दुसरी तेलं घातली. अमेरिकेत कोको बटरखेरीज दुसरं वनस्पती तेल घातलेल्या वस्तूला नुसतं 'चॉकलेट' म्हणता येत नाही. मग पाकिटावर 'चॉकलेटी' लिहितात. एका ईकाराने सुटका. तिकडे 'आमंड बार्क' नावाची बुडवण्यासाठीची वडी मिळते. तिच्यात ना बदाम असतो ना झाडाची साल, साखर आणि वनस्पती तेलच मुख्य. बकायच्या कितीतरी नव्या, 'सोप्या' कृतींत आता हीच वडी आहे.

कारखान्याला भागधारकांना उत्तर द्यायचं असतं. त्याच्याकडून मी फार अपेक्षा करत नाही. घराला कुणालाच उत्तर द्यायचं नसतं. तीस गोळ्यांना पाव किलो चॉकलेट पुरतं. ते कुठल्या मळ्यातलं, कुणी तोडलेलं, हे विचारून घेणं घराला शक्य आहे, कारखान्याला कठीण. ज्याला शक्य आहे तोच जर विचारत नसेल, तर 'होममेड'चा अर्थ उरला काय? नुसतं ठिकाण.

खरं तर कायद्याच्या लेखी तो शब्द नुसतं ठिकाणच सांगतो. ओहायोत घरी केलेली कँडी परवान्याशिवाय विकता येते, फक्त लेबलवर 'हा पदार्थ घरी तयार केलेला आहे' असं छापावं लागतं. का? तर घेणाऱ्याला कळावं की हे स्वयंपाकघर सरकारी निरीक्षकाने तपासलेलं नाही. ती सावधगिरीची सूचना आहे, सिगारेटच्या पाकिटावर असते तशी. तिचीच जाहिरात झाली.

आता आपल्या लाडवाकडे येतो. 'हा तर आपलाच' म्हणून छाती फुगवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, भुईमूग आपला नाही. तो दक्षिण अमेरिकेतून जगभर गेला, आपल्याकडेही तसाच आला. दुसरी, लाडू आपला असेल, पण दिवाळीत आपण तो देतो कुठे? आपण देतो 'होममेड चॉकलेट्स'. पारदर्शक डबा, सोनेरी कागद, आत बदाम नाहीतर पानमसाल्याचं सारण. ती कशी होतात? क्रॉफर्ड मार्केटमधून कंपाउंडची लादी आणायची, मायक्रोवेव्हमध्ये वितळवायची, साच्यात ओतायची, फ्रिजमध्ये ठेवायची, कागदात गुंडाळायची. कंपाउंडमध्ये कोको बटर नसतं. त्याच्या जागी हायड्रोजनेट केलेलं वनस्पती तेल असतं, म्हणून ते टेंपर करावं लागत नाही आणि हॉलमधल्या टेबलावर वितळत नाही. आपल्याकडच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज दुसरं वनस्पती तेल जास्तीत जास्त ५ टक्के चालतं. म्हणजे ती लादी कायद्याने चॉकलेट नव्हेच. लादीच्या मागे ते बारीक अक्षरात छापलेलंही असतं. सोनेरी कागदात गुंडाळताना ते अक्षर मागे राहतं, आणि पुढे येतं फक्त 'होममेड'.

हे करून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांवर माझा राग नाही. नागपूरच्या ऑक्टोबरात खरं चॉकलेट टिकवणं म्हणजे काय, हे मला कळतं. माझा राग त्या शब्दावर आहे, कारण त्याचा पहिला फटका त्यांच्यातलीलाच बसतो. इडुक्कीच्या नाहीतर आंध्रच्या कोकोपासून, खरं कोको बटर वापरून, रात्री एसी लावून घरी चॉकलेट करणारी एखादी मुलगी त्याच प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर बसलेली असते. तिचा डबा तिप्पट महाग. दोघींच्या पाटीवर शब्द एकच. गिऱ्हाईक स्वस्त ते घेतं, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला फरक सांगणारा शब्दच आपण शिल्लक ठेवलेला नाही. पुढच्या वर्षी ती मुलगीही लादी आणते.

उष्णतेवर आपल्या लोकांनी उत्तर काढलेलं होतं, आणि त्यात तेलही नव्हतं नि मेणही नव्हतं. गुळाचा पाक करायचा, दाणे घालायचे, लाटायचे, वड्या पाडायच्या. लोणावळ्याच्या स्टेशनवर भर मे महिन्यात चिक्की वितळत नाही. ती कुणी भेट देत नाही, कारण ती स्वस्त दिसते.

तर या दिवाळीत कुणी 'घरी केलंय' म्हणून चॉकलेटचा डबा पुढे केला तर घ्या, खा, छान म्हणा आणि मग विचारा, लादीच्या मागे काय लिहिलं होतं? 'चॉकलेटच होतं गं' हे उत्तर धरू नका. यादीत साखरेनंतर कुठला शब्द होता, तेवढं विचारा.